घड्याळात एचआरव्ही २४ दिसतोय, म्हणजे हार्ट अटॅक येणार का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४७. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना आहे, वडिलांपासूनचा. दिवाळीत मुलानं पुण्याहून स्मार्ट घड्याळ आणून दिलं. त्यात रोज सकाळी एचआरव्ही म्हणून एक आकडा येतो. थंडीत तो ३४-३५ असायचा, आता उन्हाळ्यात २४ वर आलाय. मुलाच्या घड्याळात ६८ दिसतो. मोबाइलवर वाचलं की हा आकडा कमी असला की हृदयविकाराचा धोका असतो. माझे वडील ५८ व्या वर्षी अटॅकनं गेले. सकाळी डोळे उघडले की मी आधी घड्याळ बघतो आणि आकडा कमी दिसला की दिवसभर छातीत धडधडत राहतं. ‘आज विश्रांती घ्या’ असं घड्याळ सांगतं, म्हणून सकाळचं फिरणंही बंद केलंय. व्यापाऱ्यांकडे पैसे अडकलेत, बँकेचा हप्ता डोक्यावर आहे, घरी यातलं काही बोललेलो नाही. जेवायला रात्रीचे अकरा वाजतात. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही कधी कधी रात्री दोनला, मग मोटर लावायला उठावं लागतं. दिवसातून पाच-सहा वेळा तंबाखूचा मावा होतो. बीपी-शुगर बऱ्याच वर्षांत तपासलेली नाही. एचआरव्हीची मोठी तपासणी करून घेऊ का? आणि हा आकडा वाढवायचा कसा?
– एक कारखानदार, सोलापूर

नमस्कार.

सगळ्यात आधी, ज्या गोष्टीनं तुमची झोप उडवली आहे तिच्याबद्दल. घड्याळातल्या २४ या आकड्यावरून तुम्हाला अटॅक येणार की नाही हे कुणीही सांगू शकत नाही, मीही नाही. तुमचं पत्र वाचताना मला काळजी वाटली ती दोन वाक्यांनी, आणि ती दोन्ही तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहेत. मावा दिवसातून पाच-सहा वेळा, आणि बीपी-शुगर बऱ्याच वर्षांत तपासलेली नाही. घड्याळाचं बोलून झालं की मी तिकडेच येणार आहे.

हा आकडा नेमका काय मोजतो ते समजलं, तर त्याची भीती बरीच कमी होईल. नाडी मिनिटाला ६० असली म्हणजे दर सेकंदाला बरोबर एक ठोका, असं नसतं. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर ९४० मिलिसेकंद असेल, तर पुढचं १०२०, त्यापुढचं ९७०. हा चढउतार म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, तुमच्या घड्याळातला एचआरव्ही. तुमच्या कारखान्यात मागाचा ठोका एकसारखा पडला की माग नीट आहे असं तुम्ही समजता. हृदयाचं याच्या उलट आहे. निरोगी हृदयाचे ठोके थोडे पुढेमागे पडतात, आणि शरीर थकलेलं, आजारी किंवा सतत ताणाखाली असलं की ते जास्त एकसुरी होत जातात.

याचं कारण मज्जासंस्थेत आहे. हृदयात ठोका सुरू करणारी सायनस नोड नावाची एक छोटी जागा असते. तिला तिच्यावर सोडलं तर ती मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. आपण निवांत बसलेलो असताना नाडी ७०-७५ वर राहते, कारण मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस हृदयाला सतत आवरून धरते. श्वास आत घेताना ही पकड जरा सैल होते आणि ठोके जवळ येतात. श्वास सोडताना ती पुन्हा घट्ट होते आणि ठोके लांबतात. हे तुम्ही आत्ता करून बघू शकता. मनगटावर बोटं ठेवा, सावकाश खोल श्वास घ्या आणि सोडा, नाडीतला फरक बोटांना लागेल. कार्ल लुडविग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १८४७ मध्ये हाच फरक कागदावर उमटवून दाखवला होता. ताण, भीती, ताप, उष्मा, निकोटिन अशा वेळी शरीराला पळापळीसाठी तयार करणारी दुसरी यंत्रणा जोर धरते, व्हेगसची पकड ढिली पडते, आणि ठोक्यांमधला हा चढउतार कमी होतो. तुमचं घड्याळ हेच मोजायचा प्रयत्न करतं.

हे घड्याळवाल्यांचं नवं खूळ आहे असं मात्र समजू नका. यामागचं शास्त्र जुनं आणि पक्कं आहे. डॉक्टरांना याचा पहिला मोठा उपयोग बाळंतपणात झाला. पोटातल्या बाळाचा जीव घाबरा होतो, तेव्हा त्याच्या ठोक्यांचा वेग बदलण्याच्या आधी ठोक्यांमधला चढउतार बदलतो, हे हॉन आणि ली यांनी १९६५ मध्ये दाखवलं. आजही प्रसूतीच्या वेळी पोटाला पट्टा बांधून जी पट्टी काढतात, त्यात डॉक्टर हा चढउतार बघतातच. पुढे १९८७ मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८०८ रुग्णांना २४ तासांचं होल्टर यंत्र लावून मोजमाप केलं. ज्यांचा आकडा ५० मिलिसेकंदांच्या खाली होता, त्यांच्यात पुढच्या काळातल्या मृत्यूचा धोका १०० च्या वर असणाऱ्यांच्या ५.३ पट निघाला. तुम्ही मोबाइलवर वाचलंत त्याचं मूळ अशा अभ्यासांत आहे.

पण ते रुग्ण कोण होते? नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले. मोजमाप किती वेळाचं? पूर्ण २४ तासांचं, छातीला ईसीजीच्या तारा लावून. त्यातला ५० आणि तुमच्या मनगटावरचा २४ हे एका पट्टीनं मोजलेले आकडेच नाहीत. होल्टरमध्ये जो आकडा धरतात त्याला एसडीएनएन म्हणतात, त्यात दिवसरात्रीचे सगळे चढउतार येतात. गार्मिन, फिटबिट अशी बरीच घड्याळं आरएमएसएसडी नावाचा वेगळाच हिशोब दाखवतात, म्हणजे लागोपाठच्या दोन अंतरांमधला फरक, तोही बहुतेक झोपेतला. ॲपलचं घड्याळ एसडीएनएन दाखवतं, पण थोड्या थोड्या वेळाच्या तुकड्यांवरून. बाप-लेकांची घड्याळं वेगळ्या कंपनीची असतील तर ६८ आणि २४ यांची तुलनाच होत नाही. एकाच कंपनीची असली तरी होत नाही, कारण वय वाढतं तसा हा आकडा सगळ्यांचाच उतरतो. शिवाय एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत तो दुप्पट-तिप्पट वेगळा असू शकतो. मुलाच्या आकड्याकडे बघणं आजपासून बंद करा.

जास्त आकडा म्हणजे नेहमी चांगलाच, असंही नाही. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या आजारात हृदयाची लय पार बिघडते, ठोके कसेही पडतात, आणि घड्याळात एचआरव्ही भरपूर दिसू शकतो. मधूनच जादा ठोके पडत असले तरी आकडा फुगतो. तो एकदम खूप वाढला आणि नाडी हाताला वेडीवाकडी लागली, तर आनंद न मानता ईसीजी काढायचा.

मग या घड्याळाचा काही उपयोगच नाही का? आहे. ते तुमची तुलना तुमच्याशी करू शकतं. एका सकाळचा आकडा सोडून द्या, आठवड्याची सरासरी बघा. थंडीत ३४-३५ होता तो आता २४ वर आलाय, हा बदल मला लक्ष देण्याजोगा वाटतो. त्याची कारणं तुमच्याच पत्रात आहेत. पारा ४२ च्या वर जातो तेव्हा अंग थंड ठेवायला हृदयाला जादा काम पडतं, घाम जातो, पाणी कमी पडतं, नाडी वाढते, एचआरव्ही उतरतो. रात्री अकराला जेवून बाराला आडवं झालं की झोपेच्या पहिल्या तासांत शरीराला विसावा मिळत नाही. त्यात दोनला उठून मोटर. त्यात न फिटलेला हप्ता आणि तो कुणाला न सांगणं. यातली एकही गोष्ट हृदय निकामी झाल्याची खूण नाही. तुमच्यावर भार वाढलाय एवढंच तो आकडा सांगतोय, आणि ते तुम्हाला घड्याळाशिवायही माहीत होतं.

आकडा कसा वाढवू, हा तुमचा प्रश्न मला जरा बाजूला ठेवावासा वाटतो. धोका दाखवणारी खूण पुसली म्हणजे धोका गेला, असं वैद्यकात धरून चालत नाही. हे आम्ही फार मोठी किंमत मोजून शिकलो आहोत. हार्ट अटॅकनंतर ज्यांना मधूनमधून जादा ठोके पडतात त्यांच्यात मृत्यू जास्त होतात, हे एके काळी दिसून आलं होतं. म्हणून ते ठोके दाबणारी औषधं द्यायला सुरुवात झाली. कास्ट नावाच्या मोठ्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष १९८९ मध्ये आले तेव्हा कळलं की एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी जादा ठोके कमी झाले, पण मृत्यू वाढले. म्हणून एचआरव्ही वाढवून देतो म्हणणाऱ्या गोळ्या, पावडरी, काढे यांवर एक रुपया घालवू नका. आणि तुम्ही विचारलेली ‘मोठी तपासणी’ तुम्हाला आज लागत नाही. एचआरव्हीसारखी तपासणी कामाची ठरते ती जुन्या डायबेटिसमध्ये, नसांवर परिणाम झालाय का ते बघायला. तिथे मिनिटाला सहा खोल श्वास घ्यायला लावतात आणि ईसीजीवर नाडीतला फरक मोजतात. १५ किंवा जास्त ठोक्यांचा फरक पडला तर ठीक, १० किंवा कमी असला तर नसा बिघडल्याचं समजतात. तुमची शुगर जास्त निघाली तर त्याचा विचार करू.

आता त्या दोन वाक्यांकडे येतो. २००४ मध्ये इंटरहार्ट नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५२ देशांतला, भारतही त्यात होता. पुरुषांमधल्या पहिल्या हार्ट अटॅकचा जवळपास ९० टक्के धोका नऊ गोष्टींनी समजावता येतो, असं त्यात निघालं. तंबाखू, कोलेस्टेरॉलमधला बिघाड, रक्तदाब, डायबेटिस, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारूचं प्रमाण. एचआरव्ही त्यात नाही. या नवांपैकी तीन गोष्टी तुमच्याकडे आहेत हे पत्रातूनच दिसतं, तंबाखू, ताण आणि आता बंद झालेलं फिरणं. आणखी तीन, म्हणजे रक्तदाब, शुगर आणि कोलेस्टेरॉल, तुमच्याकडे आहेत की नाहीत हे तुम्हाला माहीतच नाही. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा काही वर्षं लवकर येतो, मधलं वय ५३. वडिलांचं वय ५८ होतं. पुस्तकात ५५ च्या आत वडिलांना किंवा भावाला अटॅक आला असेल तर त्याला लवकरचा अटॅक म्हणतात, त्यामुळे तुमच्या वडिलांचं वय त्या रेषेच्या जरा पुढचं आहे. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नका. तुम्ही ४७ चे आहात, म्हणजे तपासायचं वय हेच.

या आठवड्यात हे करा. सकाळी उपाशीपोटी रक्त द्या. त्यात शुगर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. शेवटच्या दोन तपासण्या तुमच्या धडधडीसाठी, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलं तरी छाती धडधडते. एक साधा ईसीजी काढा. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, मावा नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा आणि मग मोजा. एकाच वेळच्या मापावर न थांबता आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. दवाखान्यातलं माप वारंवार १४०/९० किंवा त्याच्या पुढे आलं तर तो रक्तदाब, आणि एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आला तर डायबेटिस. ५.७ ते ६.४ आला तर उंबरठ्यावर आहात, आणि तिथून मागे फिरता येतं. पैशांची ओढाताण आहे म्हणून सांगतो, बीपी-शुगरची तपासणी तिशीच्या पुढच्या सगळ्यांना सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. सिव्हिललाही जाता येईल. आणि कारखान्यातल्या कामगारांनाही सोबत घेऊन जा. मागाच्या खडखडाटात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाचं बीपी कुणीच बघत नाही. तसला आवाज वर्षानुवर्षं कानांवर पडला तर कानांबरोबर रक्तदाबावरही परिणाम होतो.

मावा. याबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. ‘मी ओढत नाही, फक्त खातो’ असं सांगणारे मला रोज भेटतात. इंटरहार्टच्याच माहितीतून पुढे निघालं की नुसती तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हार्ट अटॅकचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक असतो. तोंडाच्या कॅन्सरचं वेगळं सांगायला नको, सोलापुरात प्रत्येक गल्लीला त्याचं उदाहरण माहीत आहे. मावा तोंडात धरला की थोड्याच वेळात नाडी आणि रक्तदाब दोन्ही वर जातात. म्हणजे पाच-सहा मावे म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा तुम्ही तुमच्या हृदयाला हाताने पळवताय, आणि मग रात्री घड्याळात बघताय की ते शांत का होत नाही. एक तारीख ठरवा आणि घरी सांगा. पहिले तीन-चार दिवस जड जातील, चिडचिड होईल, हात खिशाकडे जाईल. तेव्हा १८००-११-२३५६ या तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी मोफत नंबरवर फोन करा. निकोटिनच्या च्युइंगगमसारखा आधार लागला तर डॉक्टरांना विचारून घ्या, त्यात लाज नाही. तुम्ही एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

फिरणं उद्यापासून सुरू. घड्याळाचं ‘विश्रांती घ्या’ हे खेळाडूंच्या सरावासाठी आखलेलं गणित आहे. अर्ध्या तासाच्या चालण्याला ते लागू करायची गरज नाही. उन्हाळ्यात साडेपाचला बाहेर पडा, सिद्धेश्वर तलावाकडे जा किंवा घराजवळच्या रस्त्यावर, सातच्या आत परत या. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत वेग असू द्या. ताप असेल, अंग मोडून आलं असेल त्या दिवशी नका जाऊ. चालताना छातीत दडपण आलं, धाप नेहमीपेक्षा जास्त लागली, तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

झोपेचं काय करायचं यावर मी बराच विचार केला, कारण नळाचं वेळापत्रक तुमच्या हातात नाही. पण रात्री दोनला दर वेळी तुम्हीच उठायचं असं कुठे लिहिलंय? पाण्याच्या दिवशी घरातल्यांनी पाळ्या लावा. टाकीला तरंगता व्हॉल्व्ह बसवून घेता आला तर टाकी भरेपर्यंत जागं राहावं लागणार नाही. ज्या रात्री उठावं लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वीस मिनिटं पडा. जेवण साडेआठ-नऊला कारखान्यातच उरकता येतं का बघा. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही डब्यात टिकतं, फक्त बीपी जास्त निघालं तर चटणीतलं मीठ कमी करायला सांगा. आणि घरच्यांना विचारा की तुम्ही खूप घोरता का, घोरताना मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का. उत्तर हो असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार बीपी वाढवतो, सकाळचा थकवा देतो, आणि त्याच्यावर उपचार आहेत.

ताणावरचा एक साधा उपाय मी मनापासून सुचवतो, सावकाश श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. दहा मिनिटं, दिवसातून एकदा. या गतीला श्वासाचा आणि रक्तदाबाचा हेलकावा एकमेकांत मिसळतो आणि व्हेगसचं काम सुधारतं. इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की माळ ओढत म्हटलेली प्रार्थना किंवा ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. तुमच्या घरात जो जप चालतो तो सावकाश म्हटलात तरी चालेल. मात्र श्वासाचा व्यायाम करताना घड्याळ आकडा चढवून दाखवेल, त्यावर हुरळून जाऊ नका. तो त्या दहा मिनिटांचा परिणाम आहे. मन निवळलं, झोप लागली, तर तो खरा फायदा.

पैशांचं घरी सांगा. हे मी डॉक्टर म्हणून सांगतोय. कर्जाची चिंता एकट्यानं वाहणारी माणसं माझ्यासमोर बसतात तेव्हा त्यांची अर्धी दमछाक ती लपवण्यात गेलेली असते. बायकोला आकडे माहीत नसतील, पण तुमचं काहीतरी बिनसलंय हे तिला कधीच कळलेलं असणार. मुलगा कमावता आहे, त्यालाही कळू द्या. बँकेत हप्ता थकायच्या आधी गेलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं, थकल्यावर अवघड. मन फारच खचलं, सकाळी उठावंसंच वाटेनासं झालं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी वाचावी. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं दुखणं, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, श्वास कोंडणं, कारण नसताना आलेली भयंकर अस्वस्थता, यातलं काहीही झालं तर पित्त म्हणून सोडा पिऊन वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. स्वतः मोटारसायकल चालवत जायचं नाही. त्या वेळी घड्याळात काय दिसतंय हे बघायचंही नाही. तिथला आकडा छान असला तरी अटॅक असू शकतो.

घड्याळ फेकू नका, पण सकाळी दिसणारी ती सूचना मोबाइलमधून बंद करून टाका. रविवारी एकदा आठवड्याची सरासरी बघा, वहीत बीपीच्या शेजारी लिहा. मावा सुटून, झोप सुधारून दोन-तीन महिने झाले की ती थोडी वर आलेली दिसेल, बहुतेक. नाही आली तरी बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल ताब्यात असेल तर मी तुम्हाला अजिबात घाबरवणार नाही. रिपोर्ट हातात आले की ते आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. मग बीपीची आठवडाभराची मापं, एचबीए१सी आणि मावा सोडायची ठरवलेली तारीख एवढं मला लिहून कळवा. पुढचं त्यावरून बोलू.